जुनें घर कोणाचें?

घर जुनें झालें म्हणजे तें पाडावें कीं राखावें, हा प्रश्न वरकरणीं मालकाचा, फार तर सुताराचा किंवा वकिलाचा वाटतो. तत्त्वविचाराशीं त्याचा कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु कल्याणांतील पारनाका, टिळक चौक किंवा अहिल्याबाई चौक या भागांतून सकाळच्या वेळीं सावकाश चालत गेल्यास जें दृष्टीस पडतें, त्यानें उठणाऱ्या शंका कायद्याच्या पुस्तकानें मिटण्यासारख्या नाहींत. एखाद्या वाड्याची दर्शनी भिंत अजून उभी असते. आंत मात्र माजघरांत ऊन सरळ जमिनीवर पडलेलें असतें, कारण वर छप्पर उरलेलें नसतें. सागवानी खांब, तुळ्या व चौकटी यांचे ढीग रचलेले असतात, आणि दाराशीं मालमोटार उभी असते. चौकशी करतां कळतें कीं, लांकूड घनफुटाच्या भावानें विकलें गेलें आहे, व तें कर्जत-मुरबाडकडे कोणा धनिकाच्या सुटीच्या दिवसांकरितां बांधल्या जाणाऱ्या 'फार्महाऊस'मध्यें बसणार आहे. ज्याला शेती ठाऊक नाहीं त्याचें शेतघर सजावें म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नांदलेलें घर मोडावें, यांतील विनोद बोचणारा आहे. पण नुसत्या बोचण्यानें विचार पुढें सरकत नाहीं.

'फार्महाऊस' हा शब्द ज्या देशांतून आपणांकडे आला, त्या इंग्लंडांत खऱ्या शेतकऱ्याच्या जुन्या घराची स्थिति निराळी आहे. इ. स. १७०० च्या पूर्वींचें व मूळ स्वरूपाच्या जवळपास राहिलेलें प्रत्येक घर, मग तें सरदाराचें असो कीं साध्या कास्तकाराचें, सरकारी यादींत नोंदण्याचा तेथें प्रघात आहे; १७०० ते १८५० या काळांतील बहुतेक घरेंहि तींत येतात. दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या वर्षावानें शहरें उद्ध्वस्त होत असतां या यादीची कल्पना दृढ झाली, आणि १९४४ व १९४७ च्या नगररचनेच्या कायद्यांनीं तिला अधिष्ठान दिलें. आज एकट्या इंग्लंडांत अशा इमारतींच्या नोंदी पावणेचार लाखांच्या आसपास आहेत. यादींतील घराचा मालक तें विकूं शकतो, त्यांत राहूं शकतो, मुलांस देऊं शकतो. परंतु परवानगीवांचून तें पाडूं शकत नाहीं, इतकेंच नव्हे तर घराचें स्वरूप पालटेल अशा रीतीनें एखादा जिना किंवा खिडकीहि बदलूं शकत नाहीं. बदलल्यास तो फौजदारी गुन्हा होतो. खासगी मालकीचें एवढें कौतुक असलेल्या देशानें मालकाचा हात असा बांधावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

त्या घरांत असें असतें तरी काय? ओक वृक्षाच्या जाड लांकडांचा सांगाडा. त्याच्या खणांत उभ्या काठ्यांभोंवतीं विणलेल्या लवचीक फांद्या. आणि त्यांवर माती, शेण व गवत कालवून दिलेला लेप. लांकडें एकमेकांत खांचा पाडून बसविलेलीं व वर लांकडाच्याच खुंट्या ठोकलेल्या. पूर्वीं मधल्या दालनांत जमिनीवरच आगटी असे व धूर छपरांतून वाट काढी. सोळाव्या-सतराव्या शतकांत विटांचें धुराडें आलें, धूर एका मार्गानें निघूं लागला, आणि दालनावर पाटणी घालून वर मजला करतां आला. एका धुराड्यानें घराची सारी रचना, व तिच्याबरोबर मालक आणि गडी यांची एकत्र बसण्याउठण्याची रीतहि, पालटून गेली. असें घर वाचणें म्हणजे त्या शेतकऱ्याच्या तीनशें वर्षांचा संसार वाचणें होय.

आतां ठाणें जिल्ह्यांतील जुन्या शेतकऱ्याचें घर डोळ्यांपुढें आणावें. खाडीकांठच्या भातशेतीवर जगणाऱ्या कुटुंबाचें हें घर. लांकडाचा सांगाडा, त्यांत कारवीच्या काठ्यांचा कूड, कुडावर शेणमातीचा गिलावा. हजारों कोसांच्या अंतरावर, एकमेकांचें नांवहि न ऐकलेल्या दोन शेतकऱ्यांनीं एकच भिंत उभारली! भेद आहे तो आकाशाचा. येथें वर्षाकाठीं शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. म्हणून जोतें उंच, छपराचा उतार मोठा, वळचण भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेली, आणि भिंतीस झड लागूं नये म्हणून पुढें-मागें पडवी. धुराडें येथें झालेंच नाहीं. चुलीचा धूर छपराच्या फटींतून सावकाश निघे, व जातां जातां वाशांना कीड लागूं देत नसे. आज ज्याला आपण 'जुनें कौल' म्हणतों तें मंगळुरी कौलहि फार मागाहूनचें. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कारखाना काढल्यानंतर तें किनाऱ्यानें वर सरकलें. त्यापूर्वीं कुंभाराचें नळीचें कौल होतें, किंवा दरसाल नव्यानें शाकारावा लागणारा पेंढा.

कल्याणचा वाडा हा याच घराचा वैभवास चढलेला भाऊबंद. कूड जाऊन तेथें वीट आली, पडवीची ओटी झाली, अंगण भिंतींनीं वेढून त्याचा चौक झाला. पण पाऊस अडवावा, वारा खेळवावा आणि घरांतील प्रत्येकास त्याची जागा नेमून द्यावी, हें सूत्र तेंच. दिंडी दरवाजा, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसूं व विहीर या क्रमानें चालत गेलेल्या माणसास त्या कुटुंबाचें अर्धें चरित्र कोणीं न सांगतां कळे.

या घरांस आमच्याकडे आश्रय कोणाचा? कल्याणाजवळच अंबरनाथ येथील शिवालय आहे; शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा लेख त्यावर आहे, व तें केंद्र सरकारच्या संरक्षणाखालीं आहे. १९०४ सालीं कर्झनसाहेबांच्या अमदानींत झालेला प्राचीन स्मारकांचा कायदा, त्याच्या जागीं आलेला १९५८ चा कायदा, यांचें लक्ष मुख्यतः देवालयें, लेणीं व किल्ले यांजकडे राहिलें. नांदतीं घरें त्यांच्या जाळ्यांत क्वचितच सांपडतात. मुंबईंत १९९५ सालीं वारसा-वास्तूंचे नियम झाले, त्यांत श्रेणी ठरल्या, आणि यादींत आल्यामुळें मालकास न वापरतां आलेला बांधकामाचा हक्क इतरत्र विकण्याची सोयहि झाली. परंतु खाडीपलीकडील साध्या घरापर्यंत तो विचार पोंचण्यापूर्वींच बहुतेक घरें गेलीं. देवाचें घर राखावें, राजाचें घर राखावें, माणसाचें घर मात्र मोडलें तरी चालेल, असा आमच्या जतनाचा अलिखित नियम दिसतो.

येथें मूळ प्रश्न उपस्थित होतो. ज्याचें घर त्यानें पाडलें, तर इतरांनीं हळहळावें कां, आणि हळहळण्यापलीकडे जाऊन त्याला अडवावें कोणत्या अधिकारानें? इंग्लंडांत याचें उत्तर रस्किननें १८४९ सालींच देऊन ठेविलें होतें. जुन्या इमारती आपल्या नव्हेत. त्यांचा कांहीं अंश बांधणाऱ्यांचा व कांहीं अंश पुढें येणाऱ्यांचा आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय. त्याच्याहि पूर्वीं, १७९० सालीं, बर्कनें समाज म्हणजे जिवंत, मृत आणि अजन्मे यांची भागीदारी होय असा विचार मांडला होता. आमच्यांतील पुष्कळांस हा विचार परका व कांहींसा काव्यमय वाटतो. त्यांनीं आपल्याच घरांतील पोथी उघडून पाहावी.

विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही कल्याणनगरींतच लिहिली गेली. तें कल्याण आपलें नव्हे, चालुक्यांच्या राजधानीचें, परंतु नांवाचा हा योगायोग सोडवत नाहीं. मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क बापाच्या मरणानें नव्हे, तर स्वतःच्या जन्मानेंच उत्पन्न होतो. याहूनहि पुढें जाऊन तेथें असें वचन उद्धृत केलें आहे कीं, जे जन्मले, जे अद्यापि जन्मावयाचे आहेत आणि जे गर्भांत आहेत, त्या सर्वांस निर्वाहाच्या साधनाची अपेक्षा असते. यास्तव स्थावराचें दान करूं नये, विक्रीहि करूं नये. म्हणजे हयात धनी हा निरंकुश मालक नसून अजन्म्यांच्या वतीनें बसलेला एक प्रकारचा विश्वस्त आहे, हा विचार बर्कच्या सहा-सातशें वर्षें आधीं आमच्या व्यवहाराच्या ग्रंथांत येऊन बसला होता. तो काव्यांत नव्हता, दाव्यांत होता.

कोणी म्हणेल, हा नियम एका कुटुंबापुरता. त्यावरून गांवाचा हक्क कसा निघतो? हा आक्षेप रास्त आहे. पण हक्काचें वर्तुळ कोठवर काढावयाचें, ही गोष्ट प्रत्येक काळानें नव्यानें ठरविली आहे. जन्मानें हक्क हें तत्त्व सांगणाऱ्या त्याच परंपरेनें मुलीस त्या वर्तुळाबाहेर ठेविलें होतें. तिला आंत घ्यावयास महाराष्ट्रांत १९९४ साल व सर्व देशांत २००५ साल उजाडावें लागलें. तत्त्व जुनेंच, फक्त तें कोणाकोणास लागू करावयाचें याची जाणीव रुंदावली. अन्नासाठीं शेत जसें कुटुंबास लागतें, तसें आपण कोठून आलों हें कळण्यासाठीं गांवास त्याचें जुनें घर लागतें. या दुसऱ्या गरजेस निर्वाहाचें साधन म्हणणें हा शब्दाचा विस्तार आहे हें मान्य करूनहि, तो अन्याय्य विस्तार आहे असें मला वाटत नाहीं.

परंतु त्याच परंपरेनें अपवादहि सांगितला आहे, व तो विसरून चालावयाचें नाहीं. आपत्काल, कुटुंबाचें पोषण आणि धर्मकृत्य यांकरितां स्थावर विकण्यास तेथें मुभा आहे. इंग्लंडच्या यादीकडे पाहून भारावलेल्या माणसाच्या ध्यानांत हा भाग येत नाहीं. जुन्या घराच्या गोष्टी बोलणारा बहुधा त्यांत राहत नसतो. तो डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर विजेच्या पंख्याखालीं बसून बोलत असतो. घरांत राहणाराची कथा वेगळी. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं १९४० सालच्या पातळीशीं जखडलीं. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत अर्धें शतक लोटलें. भाडेकरू गरीब होता, त्याला आधार हवा होता, हें खरें. पण महिन्याच्या मोजक्या रुपयांच्या भाड्यांतून सागवानी तुळई बदलतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. छप्पर गळूं लागलें, वारस वाढले, एकाचें मत दुसऱ्यास पटेना. अशा रीतीनें घरें बहुधा हातोड्यानें नव्हे, दुर्लक्षानें मरतात. हातोडा फक्त शेवटचा संस्कार करतो.

प्रस्तुत लेखकानें अशा एका संमतिपत्रावर स्वतः सही केलेली आहे, हें येथें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. त्या घरांत शेवटीं एक वृद्ध काकू तेवढी राहत होती. जिना अंधारा व उभा. शौचकूप परसांत, विहिरीपलीकडे. पावसाळ्यांत रात्रीं तिला कंदील घेऊन भिजत जावें लागे. एकदां ती पडली. त्यानंतर आम्हीं वारसांनीं सह्या केल्या. तिला नव्या इमारतींत खालच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, आणि त्यांत ती चार वर्षें सुखानें राहिली. हा आपत्काल होता कीं आपत्कालाचें निमित्त, हें मीं पुष्कळदां स्वतःस विचारलें आहे. काकूसाठीं एक न्हाणीघर व एक कठडा पुरला असता. सबंध घर पाडण्याची गरज तिला नव्हती, ती आम्हां इतरांस होती. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या गेल्यामुळें त्या एकच वाटल्या. तिची अडचण पुढें करून आम्हीं आपला लाभ मागें लपविला, हें आतां मला नाकारतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. हें घर राखण्याच्या योग्यतेचें होतें काय? ओटी ही नुसती हवेशीर बैठक नव्हती. कोणीं कोठवर यावयाचें याची ती मोजपट्टी होती. कोणी माजघरापर्यंत, कोणी ओटीपर्यंत, कोणी अंगणापर्यंत, आणि ज्यांनीं त्या घराचें जळण फोडलें व गुरें ओढून नेलीं त्यांनीं दिंडीच्याहि बाहेर! अंधारी कोठडी विधवेच्या वांट्याची, बाहेरचा कोपरा महिन्यांतील चार दिवसांचा. ज्या शेणसारवणाच्या शीतलतेचें आपण वर्णन करतों तें घालणारे हात घरांतील सुनांचे होते, व त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. घराचा नकाशा हा समाजाचा नकाशा होता. मग समाज पालटूं पाहणाऱ्यानें तो नकाशा जपावा कशासाठीं?

माझ्या मतें या आक्षेपाचें उत्तर त्याच्याच पोटांत आहे. जें जपावयाचें तें गौरव म्हणूनच जपलें पाहिजे असें नाहीं. साक्षीदार सज्जन असावा लागत नाहीं; तो खरें सांगणारा असावा लागतो. ओटीच्या पायरीवर उभें राहून 'येथून पुढें तुझ्या आजोबांस येतां येत नव्हतें' असें एखाद्या मुलास दाखवितां येतें, तेव्हां जें कळतें तें पुस्तकाच्या पानानें कळत नाहीं. घर पाडल्यानें तो अन्याय नाहींसा होत नाहीं; नाहींसा होतो तो त्याचा पुरावा. आणि पुरावा गेल्यावर जुन्या काळाचें गोड चित्र रंगविणें फार सोपें होतें. धनिकाच्या फार्महाऊसमध्यें गेलेला खांब सुंदर दिसतो याचें कारणच हें, कीं त्याच्या आजूबाजूची सारी घडण मागें राहिलेली असते.

आतां एक सूक्ष्म शंका उरते. राखावयाचें म्हणजे नेमकें काय राखावयाचें? प्लूटार्कनें थीसियसच्या गलबताची गोष्ट सांगितली आहे: कुजलेल्या फळ्या एकेक बदलत गेल्यावर तेंच गलबत राहिलें कीं नाहीं, असा तेथें वाद पडला. आमच्याकडे नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास रथाचा दृष्टान्त देऊन असाच प्रश्न केला होता: चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठें आहे? १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं जी संस्था काढली, तिचें मत असें कीं मूळ लांकूड शक्य तोंवर ठेवावें, कुजलें तेवढेंच काढून नवें जोडावें, आणि नवें जोडलेलें तें जुनें म्हणून खपवूं नये. ओकच्या घरास हें ठीक लागू पडतें. परंतु कारवीचा कूड दहा-बारा वर्षेंहि टिकेल न टिकेल; पेंढा तर दरसालचा. तेथें मूळ वस्तु धरून बसणाऱ्याच्या हातीं मातीच येईल. जपानांत इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनीं नवें उभारतात, २०१३ सालीं बासष्टाव्या वेळीं उभारलें, व तरीहि तें प्राचीनच मानतात. कारण तेथें टिकतें तें लांकूड नव्हे, लांकूड घडविणारा हात. आमच्या शेतकऱ्याच्या घराचा वारसाहि अधिकांशानें असाच आहे. कूड विणणारी बाई, कौल चाळणारा गडी, खांच-कुसूं अचूक बसविणारा सुतार हे नाहींसे झाले, कीं कांचेच्या पेटींत ठेविलेलें घरहि मेलेंच समजावें. यास्तव विलायती यादीची नुसती नक्कल आम्हांस पुरणार नाहीं. वाड्याच्या सागवानास ती उपयोगी पडेल. कुडाच्या भिंतीसाठीं कारागिरास काम मिळत राहील अशी तजवीज लागेल.

असो. या सर्वांतून निघतें तें एवढेंच: जुनें घर धन्याचें आहे, पण केवळ त्याचें नाहीं, आणि ज्यांना त्यांत आपला वांटा आहे असें वाटतें, त्यांनीं खर्चाचाहि वांटा उचलला पाहिजे. गांवास घर हवें असेल तर गांवानें तुळईचे पैसे द्यावेत, निदान धन्याचा कर तरी सोडावा. दुसऱ्याच्या गळक्या छपराखालीं आपली संस्कृति सुरक्षित ठेवणें हा धर्म नव्हे. धन्यानेंहि सही करण्यापूर्वीं आपत्काल कोणता व लाभ कोणता, हे दोन रकाने वेगळे मांडावेत. आणि पाडणें खरोखरीच अटळ असेल, तर पाडण्यापूर्वीं घर एकदां नीट मोजावें, रेखाटावें, छायाचित्रें घ्यावींत, त्यांत राहिलेल्या माणसांकडून कोठें काय होतें तें लिहून घ्यावें. याला ना मोठा पैसा लागतो, ना कायदा. आठ दिवसांचा वेळ लागतो.

आम्हीं तो दिला नाहीं. घर पाडून झाल्यावर एके दिवाळींत सारीं भावंडें नव्या इमारतींत जमलीं असतां देवघराचें दार पूर्वेस होतें कीं उत्तरेस, यावर वाद झाला. प्रत्येकजण त्या घरांत वाढलेला. प्रत्येकजण आपल्या आठवणीविषयीं निःशंक. आणि दोघांचें एकमत होईना. शेवटीं एकानें म्हटलें, काकूस विचारूं. ती जाऊन तेव्हां सहा महिने झाले होते.